गाऱ्हाणं साऱ्याचं, उत्तर शिपायाचं

1854 साल संपत आलं तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसं मद्रास शहरात येऊ लागली. रेल्वे अजून नव्हती; रॉयपुरमहून पहिली गाडी सुटायला 1856 चा जुलै उजाडायचा होता. सारा थकला म्हणून कचेरीच्या शिपायांनी आपल्याला उन्हात ओणवं उभं केलं, पाठीवर धोंडा ठेवला, बोटं लाकडाच्या चापात दाबली, हे त्यांना सरकारनं नेमलेल्या तीन माणसांपुढे सांगायचं होतं. 519 जण स्वतः हजर झाले, 1,440 जणांनी लिहून कळवलं. एकूण गाऱ्हाणी भरली 1,959. त्यांवरचा अहवाल 16 एप्रिल 1855 रोजी तयार झाला. त्या चौकशीला इतिहासात ‘मद्रास टॉर्चर कमिशन’ म्हणून ओळखतात.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. तो तसा का नाही, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला ग्रामीण असंतोष म्हटला की आपल्यापुढे बंडं उभी राहतात, आणि दक्षिणेत ती कमी नव्हती. पांचालंकुरिचीच्या कट्टबोम्मनला ऑक्टोबर 1799 मध्ये कयत्तारला फाशी झाली, मरुदु बंधूंना 1801 मध्ये तिरुप्पत्तूरला. कानडा जिल्ह्यात 1830-31 मध्ये रयतेनं ‘कूटं’ भरवून सारा न देण्याचं ठरवलं. कर्नूल भागात उय्यालवाड नरसिंह रेड्डीनं 1846 मध्ये कोइलकुंट्लाच्या खजिन्यावर हल्ला केला आणि फेब्रुवारी 1847 मध्ये तो त्याच गावी फासावर गेला. मलबारातले मोपल्यांचे उठाव तर 1836 पासून थांबतच नव्हते. 1855 च्या सप्टेंबरात तिथला कलेक्टर कॉनोली स्वतःच्या बंगल्यात मारला गेला. ही सगळी प्रकरणं लिहिली गेली आहेत, काहींवर सिनेमेही निघाले. पण ज्यांनी हत्यार उचललं नाही, गाव सोडलं नाही, मार खाल्ला आणि पुढच्या वर्षी पुन्हा नांगर धरला, त्यांचं काय? ती माणसं इतिहासाच्या कागदांत सहसा येत नाहीत. 1855 च्या अहवालात ती येतात, म्हणून मला हा अहवाल बंडांच्या इतिहासापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

चौकशी बसली कशी, हे थोडक्यात. 1852 मध्ये मद्रासला गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांच्या पुढाकारानं मद्रास नेटिव्ह असोसिएशन स्थापन झाली. कापडाचा आणि निळीचा हा व्यापारी ‘क्रेसेंट’ नावाचं इंग्रजी पत्र चालवत होता. असोसिएशननं पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. त्यात साऱ्याचा बोजा होता, मोहतर्फा (कारागीर-व्यापाऱ्यांवरचा कर) होता, वसुलीतला छळही होता. पार्लमेंटचा सभासद डॅनबी सेमूर हिंदुस्थानात आला तेव्हा लक्ष्मीनरसूंनी त्याला जिल्ह्यांतून फिरवून रयतेशी गाठी घालून दिल्या. 1854 च्या जुलैत कॉमन्स सभेत हा विषय निघाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कैवाऱ्यांनी तो आधी उडवून लावला, पण शेवटी चौकशीचा हुकूम सोडावाच लागला.

आयोगावर तिघे. एडवर्ड एलियट हा मद्रास शहराचा मुख्य मॅजिस्ट्रेट आणि पोलिसांचा सुपरिंटेंडेंट. बेझंट नगरच्या एलियट्स बीचवर संध्याकाळी भजी खात बसणाऱ्या हजारो लोकांच्या तोंडी याचं नाव रोज असतं, आणि तो कोण होता हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं. दुसरा हडलस्टन स्टोक्स, मुलकी अधिकारी. तिसरा वकील जॉन ब्रूस नॉर्टन, ज्यानं आधीच 1853 मध्ये दक्षिणेतल्या न्यायव्यवस्थेचे वाभाडे काढणारं पुस्तक लिहिलं होतं. (त्याचा मुलगा अर्डली नॉर्टन पुढे आरंभीच्या काँग्रेसमध्ये झळकला आणि 1908 च्या अलीपूर बॉम्बखटल्यात सरकारच्या बाजूनं उभा राहिला. घराण्याची गंमत.)

आता मूळ कारणाकडे. मद्रासच्या माउंट रोडवर, म्हणजे आजच्या अण्णा सालईवर, सर टॉमस मनरोचा घोड्यावरचा पुतळा आहे. खोगीर नाही, रिकीब नाही, म्हणून शहरात त्याची चेष्टा होते. मनरोला आपणही ओळखायला हवं, कारण 1818 च्या मे महिन्यात सोलापूर पेशव्यांच्या फौजेकडून घेणारा तोच. रयतवारीचा तो मोठा पुरस्कर्ता. मध्ये जमीनदार नको, सरकारनं थेट कुळाशी बोलावं, असं त्याचं म्हणणं. त्यानं स्वतः 1807 मध्ये आकारणी एक चतुर्थांशानं उतरवून एकूण पिकाच्या सुमारे एक तृतीयांशावर आणावी असं सुचवलं होतं. म्हणजे मनुष्य निर्दय नव्हता. पण 1816 मध्ये त्याच्याच सल्ल्यानं मद्रास इलाख्यात पोलीस कलेक्टराच्या हाती दिले गेले आणि गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या धर्तीवर 1802 मध्ये आलेली पोलीस दरोग्यांची व्यवस्था मोडीत निघाली. देशी रिवाज राहावा, खर्च वाचावा, रयतेला एकच मायबाप असावा, हा हेतू.

तालुक्याच्या पातळीवर त्याचा अर्थ असा झाला की तहसीलदार सारा वसूल करणार, तोच पोलिसांचा मुख्य, आणि किरकोळ गुन्ह्यांत मॅजिस्ट्रेटही तोच. त्याचा शिपाई सकाळी किस्त मागायला येणार आणि दुपारी चोर पकडायला. त्या शिपायानं मारलं, तर तक्रार कोणाकडे? वरच्या साहेबाकडे अर्ज गेला की तो शेरा मारून चौकशीसाठी परत तहसीलदाराकडेच यायचा. छळ चालतो यापेक्षा त्याविरुद्ध दाद मिळत नाही हे आयोगाला जास्त खुपलं, आणि तसं त्यानं लिहूनही ठेवलं. कचेरी लांब, जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेले कामाचे दिवस, परतल्यावर पुन्हा तोच तहसीलदार. एवढं सोसून कोण जाईल?

त्यात काळ वाईट. 1825 च्या सुमारापासून पंचवीसेक वर्षं धान्याचे भाव पडलेले राहिले. सारा रोकड भरायचा होता आणि तो ठरला होता चांगल्या भावाच्या दिवसांत. तेवढ्याच रुपयांसाठी आता जास्त धान्य विकावं लागे, म्हणजे आकडा न वाढताही सारा वाढत होता. 1833 मध्ये गुंटूर भागात भयंकर दुष्काळ पडला. थकबाकी साचत गेली. जमाबंदी जवळ आली की तहसीलदाराला वर आकडा दाखवायचा असे, आणि तो आकडा शेवटी कोणाच्या तरी पाठीतून काढायचा असे.

छळाचे प्रकार अहवालात नावानिशी आहेत. ‘कित्ती’ म्हणजे एका टोकाला बांधलेल्या दोन काठ्या. त्यांच्या मध्ये बोटं किंवा मांडीचं मांस धरून दाबायचं. ‘अण्णांदाळ’ म्हणजे मान दोरीनं पायाच्या अंगठ्याशी बांधून माणसाला वाकवून उन्हात ठेवायचं. अवखळ गुरं आवरायची ती रीत. शेंडी गाढवाच्या शेपटीला बांधणं, मिशा उपटणं, जेवू न देणं, शरीरधर्मालाही जाऊ न देणं. यांतल्या बऱ्याच गोष्टींचा वळ उठत नाही, हे ध्यानात घ्यावं. अंगावर खूण राहू न देणं हा या कसबाचाच भाग. आणि वसुलीसाठी होणारा छळ गुन्ह्याच्या कबुलीसाठी होणाऱ्या छळापेक्षा कमी माणसांवर होत असेल असं आयोगाला वाटलं नाही. उलट जास्तच असावा, असा त्याचा कल आहे. म्हणजे कित्तीत अडकलेली बोटं बहुतांशी चोरांची नव्हती, थकबाकीदारांची होती.

आता मराठी वाचकानं जरा सावरून बसावं, कारण पुढचा भाग आपल्या घरचा आहे.

त्या कचेऱ्यांत कोण बसत होतं? तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. 1799 नंतर नावापुरतं उरलेलं, आणि ज्या वर्षी हा अहवाल आला त्याच 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारल्यावर संपलेलं. तंजावर, अर्काट आणि म्हैसूरच्या दरबारांतून हिशेबात तरबेज झालेली देशस्थ ब्राह्मण घराणी कंपनीच्या महसूल खात्यात शिरली आणि चांगलीच रुजली. इलाख्याच्या कित्येक जिल्ह्यांत हिशेब मराठीत ठेवले जात, तमिळ आणि तेलुगू मुलखांतही. शिरस्तेदार, पेशकार, तहसीलदार अशा जागा मामा, भाचे, जावई मिळून भरत. रॉबर्ट फ्रायकेनबर्ग या इतिहासकारानं गुंटूर जिल्ह्याचा याच दृष्टीनं अभ्यास केला आहे. तिथल्या देशस्थ मंडळींनी कलेक्टरला कळू न देता जिल्हा कसा चालवला, हे त्यात बारकाईनं आलं आहे. गुंटूरची घडी इतकी विस्कटली की 1845 मध्ये वॉल्टर एलियटला चौकशीला धाडावं लागलं (आयोगावरचा एलियट तो हा नव्हे). 1850 च्या दशकात रेव्हेन्यू बोर्डानं कलेक्टरांना स्थायी हुकूम दिला की जिल्ह्यातल्या नोकऱ्या एकाच गोतावळ्यात जाऊ देऊ नका, मुख्य जातींत वाटा.

मद्रासमधल्या आम्हा मराठी माणसांना दिवाण टी. माधवराव आठवतात आणि अभिमानानं आठवतात. कुंभकोणमचं हे तंजावरी मराठी घराणं, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी. त्या अभिमानाला माझी हरकत नाही. पण ज्या कचेरी-परंपरेतून दिवाण निघाले, तिच्याच खालच्या पायरीवर अण्णांदाळची दोरी होती, हे इथल्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांत मला कधी वाचायला मिळालेलं नाही. सगळे तहसीलदार मराठी होते असं अर्थातच नाही. तेलुगू नियोगी होते, तमिळ वेल्लाळ होते, मुसलमान होते. मारणारा शिपाई तर बहुधा रयतेतलाच. पण कचेरीची भाषा पुष्कळ ठिकाणी आपली होती.

महाराष्ट्रात हीच गोष्ट जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली: गोरे कामगार ऐषआरामात, आणि त्यांच्या आडून भट कामगार शेतकऱ्याला नाडतात. मद्रासचा अहवाल आणि ‘असूड’ शेजारी ठेवून वाचले तर कचेरीचं चित्र सारखंच दिसतं. फरक पुढे आहे. फुले साहेबालाही सोडत नाहीत. साऱ्याचा आकडा आणि त्यावर पोसलेली कारभाराची उधळपट्टी यांच्यावर ते येतात. आयोगानं मात्र साहेबाला सोडलं. युरोपियन अधिकाऱ्यांचा छळाला आधार नव्हता, लोकांचाही त्यांच्यावर विश्वास आहे, दोष नेटिव्ह नोकरांच्या स्वभावाचा, असा त्याचा निष्कर्ष. साऱ्याचा दर रास्त आहे का, हा प्रश्न तर त्याच्यापुढे ठेवलेलाच नव्हता. लंडनमध्ये बसलेल्या कार्ल मार्क्सनं सप्टेंबर 1857 मध्ये ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये याच अहवालावर लेख लिहिला आणि नेमकं या जागी बोट ठेवलं. उत्तरेत बंड पेटलेलं, इंग्रजी पत्रांत शिपायांच्या क्रौर्याच्या कथा. तेव्हा कंपनीच्याच निळ्या पुस्तकातून, म्हणजे सरकारी अहवालातून, वेगळ्या क्रौर्याचे दाखले काढायला हा उत्तम मुहूर्त होता.

निदान असं झाल्यावर उपायही तसाच आला: नवं पोलीस दल, आणि त्याचा नमुना आयरिश. आयर्लंडचा संबंध येतो तो इथे.

आयर्लंडमध्ये शतकाच्या आरंभी खेड्यांत सतत धुसफूस होती. जमीनदाराचा खंड जबर, आणि कॅथलिक कुळानं प्रॉटेस्टंट चर्चला दशमांश द्यायचा. रात्री तोंडं रंगवून टोळ्या निघत, गंज्या जाळत, जनावरं जायबंदी करत. 1821 ते 1824 मध्ये ‘कॅप्टन रॉक’ नावाच्या कधीच न सापडलेल्या पुढाऱ्याच्या सहीनं धमकीची पत्रं दारांवर लागत. तिथला मुख्य सचिव रॉबर्ट पील यानं 1814 मध्ये अशांत परगण्यांसाठी खास पोलीस दल काढलं. 1822 मध्ये परगण्या-परगण्याची कॉन्स्टेब्युलरी आली, 1836 मध्ये ती एका मध्यवर्ती अधिकाराखाली गेली: गणवेश, बंदूक, कवायत, बराकी, आणि जवानाला त्याच्या स्वतःच्या परगण्यात नेमायचं नाही असा नियम. दशमांशावरून 1830 नंतर तर रक्तपात झाला, वसुलीला पोलीस आणि लष्कर जाऊ लागलं. लंडनच्या निःशस्त्र बॉबीपेक्षा साम्राज्याला हे आयरिश दल जास्त उपयोगी वाटलं. चार्ल्स नेपियरनं 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर तिथे ते रुजवलं, आणि मद्रासनंही तोच कित्ता गिरवला.

मद्रास इलाख्याचा पहिला पोलीसप्रमुख विल्यम रॉबिन्सन. 1859 च्या 24 व्या कायद्यानं महसूल आणि पोलीस वेगळे झाले आणि इलाख्याला एक गणवेशधारी, श्रेणीबद्ध दल मिळालं. 1860 मध्ये सर्व हिंदुस्थानसाठी पोलीस आयोग बसला, त्यावर रॉबिन्सन होताच. त्यातून 1861 चा पाचवा कायदा आला. मरीनावर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली खांबांची पांढरी इमारत आज तमिळनाडूच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. मुळात ती फ्रीमेसन लोकांचा लॉज म्हणून 1839 मध्ये बांधलेली. रॉबिन्सननं ती आधी भाड्यानं घेतली, मग 1874 मध्ये ती सरकारनं विकत घेतली.

रयतेनं मागितलं होतं साऱ्याचं ओझं कमी करा. मिळालं पोलीस खातं. या विषयाचा गाभा मला इथे दिसतो, आणि आयर्लंडशी मद्रासचं खरं साम्यही कवायतीपेक्षा इथेच आहे: खंडाची किंवा साऱ्याची तक्रार आली की तिचं रूपांतर कायदा-सुव्यवस्थेच्या प्रश्नात करायचं. सरकारनं महसुलाकडे अजिबात पाहिलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. काही जिल्ह्यांत दर उतरले, 1858 पासून नव्यानं मोजणी आणि आकारणी सुरू झाली, 1850 नंतर भावही वर गेले. वसुलीसाठी कित्ती वापरणं हळूहळू मागे पडलं, त्याचं श्रेय मी पोलीस कायद्यापेक्षा धान्याच्या भावाला देईन.

नव्या दलानं आणखी एक गोष्ट केली, तिची किंमत वेगळ्याच लोकांनी मोजली. तिरुनेलवेली-मदुरैकडे मरवर आणि कळ्ळर यांच्याकडे गावाची राखण असे, ती ‘कावल’. गावानं धान्य द्यायचं, त्यांनी चोरी होऊ द्यायची नाही, झालीच तर भरपाई द्यायची. न दिलं तर चोरी तेच करत, हेही खरं. आपल्याकडच्या रामोश्यांची हीच गत. पुरंदरच्या राखणीचे हक्क गेल्यावर उमाजी नाईक उठला, पाच-सहा वर्षं पुण्याच्या दक्षिणेचा डोंगर त्यानं कंपनीला शांत लाभू दिला नाही, आणि 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फासावर गेला. राखणदाराचं वतन काढायचं, मग तो चोर ठरला की त्याची हजेरी घ्यायची. 1911 नंतर मद्रास इलाख्यात गुन्हेगार जमातींचा कायदा कळ्ळरांना लागू झाला. हजेरी नाकारणाऱ्या पेरुंगामनल्लूरच्या लोकांवर 3 एप्रिल 1920 ला गोळीबार झाला. गोळ्या चालवणारं दल रॉबिन्सनच्या परंपरेतलं.

छळही थांबला नाही. कचेरीतून ठाण्यात गेला. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून धरायची नाही, हा नियम 1861 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आला, 1872 च्या पुरावा कायद्यात पंचविसावं कलम म्हणून बसला आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. आपल्याच पोलिसाच्या शब्दावर कायद्याचा विश्वास नाही, हे त्यानं दीडशेहून जास्त वर्षं लेखी कबूल करून ठेवलं आहे. 1902-03 च्या फ्रेझर पोलीस आयोगाला पोलीस खातं लाचखाऊ आणि जुलमी दिसलं. जून 2020 मध्ये तुत्तुकुडी जिल्ह्यातल्या सात्तानकुळम ठाण्यात घेतलेल्या बापलेकांचा मृत्यू झाला तेव्हा तमिळ वाहिन्यांवर दिवसच्या दिवस चर्चा झाल्या. 1855 चं नाव त्यांत मी ऐकलं नाही.

अहवाल मिळवून वाचणाऱ्यानं निष्कर्षाचा भाग मागे ठेवावा आणि परिशिष्टांपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. तिथे कलेक्टरांची, मिशनऱ्यांची, डॉक्टरांची उत्तरं आहेत. काहींना वर्षानुवर्षं जिल्ह्यात राहून काहीच दिसलेलं नाही, काहींना सगळं ठाऊक आहे आणि ते त्यांनी थंडपणे नोंदवलं आहे. दोन्ही प्रकारची उत्तरं एकाच सरकारच्या नोकरांची.

आणि मग आपल्याकडच्या कागदांकडे यावं. पुणे जिल्ह्यात 1830 च्या आसपास प्रिंगल या अधिकाऱ्याची आकारणी लागू झाली. ती इतकी जड होती की वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, हे मुंबई सरकारच्याच 1872-73 च्या कारभार-अहवालात नमूद आहे. इंदापूरची शेतं ओस पडली, मग विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी 1836 पासून नवी मोजणी केली. तिची मुदत संपून सारा वाढला, कापसाचे भाव कोसळले, आणि 12 मे 1875 रोजी सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. त्यावरही आयोग बसला आणि त्याचा रोख राहिला सावकारावर. मद्रासला नेटिव्ह तहसीलदार, इथे मारवाडी. दोन्हीकडे दोषी मधला माणूस. मात्र पुण्याच्या आयोगातल्या ऑकलंड कोलविननं वेगळं टिपण लिहून सरकारी साऱ्याकडे बोट दाखवलं. पुढे 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला तो कर्जापुरता. कोलविनचं टिपण आयोगाच्या कागदांबरोबर छापलेलं आहे. मद्रासच्या अहवालानंतर लगेच ते वाचायला घ्यावं.